अ‍ॅपलसॉस: यंदा कोण कोण बरण्या भरतंय?

केवडा | १७ सप्टेंबर, रात्री ९:१२

मॅकिंटॉश जातीची सफरचंदं उतरायला लागली. आमच्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या पूर्वेला वेन काउंटीत ऑन्टारिओ सरोवराच्या काठाकाठाने बागा आहेत. सरोवराचं पाणी वसंतात हवा थंड ठेवतं, त्यामुळे झाडं उशिरा फुलतात आणि अवेळी पडणाऱ्या हिमापासून फुलं वाचतात. शरदात तेच पाणी ऊब धरून ठेवतं. आता ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठवड्याला एक नवी जात तोडणीला येईल.

आणि दरवर्षीप्रमाणे ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतील: पोरांनी हौसेने अर्धा बुशेल (साधारण ११ किलो) सफरचंदं तोडून आणलीत, फ्रीजमध्ये जागा नाही, काय करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉस करा, म्हणजे सफरचंदं शिजवून त्यांचा गर गाळा, आणि बरण्यांत भरून ठेवा. साखर न घालता केलेला हा सॉस नीट भरला तर पुढच्या मोसमापर्यंत कपाटात टिकतो, फ्रीज लागत नाही.

पण 'नीट भरला तर' याबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे, कारण आपल्या लोकांची गल्लत इथेच होते. आपल्या घरात टिकाऊ पदार्थ म्हणजे मुरांबा नाहीतर लोणचं. तिथे साखर, मीठ, तेल राखण करतात आणि करणारीचा हात सरावलेला असतो, अंदाज चालतो. अ‍ॅपलसॉसमध्ये ना मीठ, ना तेल, ना पाकाइतकी साखर. तो टिकतो तीन गोष्टींवर: सफरचंदाचा स्वतःचा आंबटपणा, बरणी बंद केल्यावर तिला दिलेली उष्णता, आणि हवाबंद बसलेलं झाकण. यातल्या उष्णतेला अंदाज चालत नाही. घड्याळ लावायचं.

आधी सफरचंदांविषयी. एक बुशेल म्हणजे ४८ पौंड, साधारण २२ किलो. त्यातून १४ ते १९ क्वार्ट सॉस निघतो, म्हणजे एका क्वार्टला सरासरी ३ पौंड फळ. क्वार्टची बरणी साधारण ९५० मिलीची, पिंट तिच्या निम्मी. एकाच जातीचा सॉस मला एकसुरी लागतो. दर ३ पौंड गोड सफरचंदांना १ ते २ पौंड आंबट, हे प्रमाण चांगलं. मॅकिंटॉश शिजताना अक्षरशः विरघळतं, म्हणून ते हवंच. त्याच्या जोडीला कॉर्टलँड. हे तर इथलंच वाण, न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात १८९८ मध्ये बेन डेव्हिस आणि मॅकिंटॉशच्या संकरातून आलेलं. चिरून ठेवलं तरी बराच वेळ पांढरं राहतं, त्यामुळे मोठ्या घाण्याला सोयीचं. गोडीला जोनागोल्ड किंवा गोल्डन डिलिशस. हनीक्रिस्पचा सॉस करू नका. ते कचकचीत खाण्याचं फळ आहे, महाग आहे, आणि सॉस पाणचट होतो. रेड डिलिशसला शिजवल्यावर चवच उरत नाही.

फळं धुवा, चार फोडी करा, देठ आणि बुडाशी असलेलं वाळकं फूल काढा. डागाळलेला भाग सढळ हाताने कापून टाका. साल काढू नका! लाल सालीसकट शिजवलं तर सॉसला सुंदर गुलाबी रंग येतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात फोडी, अर्धा कप पाणी, वर झाकण. बुडाला लागू नये म्हणून अधूनमधून ढवळा. फळ किती पिकलंय आणि कुठली जात आहे यावर ५ ते २० मिनिटं लागतात.

आता गाळायचं. अमेरिकन बायका यासाठी फूड मिल विकत घेतात. आपल्याला गरज नाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात पुरणयंत्र पडलेलं असतं ते काढा. बारीक छिद्रांची चकती लावली की साली, बिया, मधला कडक भाग वर राहतो आणि खाली मऊसूत गर पडतो. फक्त पुरणयंत्र स्टीलचं असू द्या, अ‍ॅल्युमिनियमला आंबट पदार्थ बाधतो. ब्लेंडर वापरणार असाल तर मात्र साली आणि बिया आधीच काढायला हव्यात.

गाळलेला सॉस परत पातेल्यात घालून उकळी आणा. चाखून बघा. साखर हवीच असेल तर एका क्वार्टला २ मोठे चमचे पुरेत. मी घालत नाही. उकळताना सॉस रटरटतो आणि त्याचे शिंतोडे उडतात, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

बरण्या गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात. गरम बरणीत गरम सॉस, वर बरोबर अर्धा इंच जागा मोकळी. प्लास्टिकच्या किंवा लाकडी पातळ पट्टीने कडेकडेने फिरवून आत अडकलेली हवा बाहेर काढा. काठ ओल्या कापडाने स्वच्छ पुसा, कारण काठावर सॉसचा थेंब राहिला तर झाकण बसत नाही. या बरण्यांचं झाकण दोन भागांचं असतं, सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारी रिंग. नवी चकती ठेवा, रिंग नुसत्या बोटांच्या जोराने फिरवा. मनगटाचा जोर लावायचा नाही, आतली हवा बाहेर पडायला वाट हवी.

उंच पातेल्यात तळाशी जाळी (कुकरची चालते), त्यावर बरण्या, आणि झाकणांच्या वर किमान १ इंच पाणी. पाणी खळखळून उकळायला लागलं की घड्याळ लावा: पिंटला १५ मिनिटं, क्वार्टला २० मिनिटं. ही वेळ समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंतची. मध्येच उकळी मोडली तर परत उकळी आणून शून्यापासून मोजायचं. वेळ झाली की आच बंद करा, पातेल्याचं झाकण काढा, ५ मिनिटं थांबा, मग बरण्या सरळ उचलून टॉवेलवर ठेवा. १२ ते २४ तास हात लावू नका.

झाकणं 'टक्' करून आत ओढली जातील. दुसऱ्या दिवशी मधोमध बोटाने दाबून बघा, खालीवर होत नसेल तर बसलं. रिंग काढून ठेवा, बरणी धुवा, तारीख लिहा, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. वर्षाच्या आत संपवा.

तुम्ही कुठल्या जाती वापरता, काय अडचणी येतात, लिहा. जमेल तशी उत्तरं देईन.

---

रानजाई | १७ सप्टेंबर, रात्री १०:०५

पुरणयंत्र! माझं आईने बॅगेत कोंबून दिलेलं, होळीशिवाय बाहेर निघत नाही. या शनिवारी काढते.

दोन शंका. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) फोडी शिजवल्या तर चालतील ना? आणि त्याच्यातच बरण्या ठेवून ते कॅनिंग का काय ते करता येईल का?

---

केवडा | १७ सप्टेंबर, रात्री १०:३१

रानजाई, पहिल्याचं उत्तर 'जपून', दुसऱ्याचं 'नाही'.

सफरचंदाचा गर शिजताना फेसाळतो आणि फेस वाफेच्या वाटेत अडकू शकतो. म्हणून बऱ्याच प्रेशर कुकरच्या पुस्तिकांत अ‍ॅपलसॉसबद्दल स्पष्ट इशारा असतो. करायचंच असेल तर भांडं निम्म्याच्या खाली भरा आणि दाब आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलू नका. खरं तर पातेल्यात २० मिनिटांत होणाऱ्या कामाला दाब कशाला?

बरण्यांसाठी इन्स्टंट पॉट किंवा आपला शिट्टीचा कुकर नको. बरण्यांच्या वेळा ठरवताना ज्या भांड्यांत चाचण्या झाल्या, त्यांचं तापणं आणि निवणं वेगळं असतं. जाळी ठेवलेलं साधं उंच पातेलं हेच सगळ्यात सोपं.

---

जुनं_खोड | १८ सप्टेंबर, सकाळी ७:४८

केवडाताई, लेख उत्तम. पण एवढा खटाटोप हवा का? आमच्या एडिसनच्या घरी उकळता सॉस उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरतात, झाकण घट्ट लावतात आणि बाटली उलटी ठेवतात. झाकण छान आत ओढलं जातं. सौ.च्या मैत्रिणीने शिकवलेली रीत आहे. कुणाला काही झालेलं नाही.

---

केवडा | १८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

काका, मनापासून विनंती, ही रीत सोडा.

झाकण आत ओढलं गेलं याचा अर्थ एवढाच की आतली हवा थंड होऊन आकसली. आत काय जिवंत आहे ते त्यावरून कळत नाही. सॉस पातेल्यातून डावात, डावातून बाटलीत जाताना हवेतले बुरशीचे आणि यीस्टचे कण त्यात येतात. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि वरच्या मोकळ्या जागेतही ते असतात. उलटी ठेवून मिळणारी उष्णता थोडी आणि क्षणाची. उकळत्या पाण्यातली १५-२० मिनिटं बरणीच्या गाभ्यापर्यंत पोचतात आणि वरची हवाही बाहेर ढकलतात, म्हणून ओढ घट्ट बसते. उलट्या बाटलीची ओढ कमजोर असते आणि काही आठवड्यांनी सुटू शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याचं मार्गदर्शन आणि जॉर्जिया विद्यापीठातलं घरगुती अन्नसंरक्षणाचं राष्ट्रीय केंद्र, दोन्हींकडे या रीतीला नकार आहे.

तुमचं निम्मं काम तर झालेलंच असतं. गरम बाटली, गरम सॉस. फक्त पातेल्यातली शेवटची पायरी वाढवा. आणि जॅमच्या जुन्या बाटल्यांऐवजी दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या घ्या. रिंगा आणि काच वर्षानुवर्षं चालतात, दरवर्षी फक्त चकत्या नव्या लागतात.

---

सूक्ष्मदर्शी | १८ सप्टेंबर, सकाळी ११:१५

अन्नसूक्ष्मजीवशास्त्र हा माझा शिक्षणाचा विषय, म्हणून थोडी भर घालते.

बोट्युलिझम ज्याने होतो तो जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, बीजाणू (कणखर, सुप्त रूप) करून राहतो. हे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवाबंद, ओलसर, कमी आंबट जागा मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असेल तर मात्र ते वाढू शकत नाहीत. बहुतेक सफरचंदांचा पीएच ३.३ ते ४ च्या आसपास असतो, म्हणून अ‍ॅपलसॉसला दाबाचा कॅनर (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं भांडं) लागत नाही, उकळतं पाणी पुरतं. सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे.

आता बुरशीचा मुद्दा. झाकण नीट नसलेल्या बरणीत वर बुरशी वाढली तर ती आम्ल खाते आणि तिच्या खालच्या थराचा पीएच वर चढू शकतो. म्हणून 'वरचा बुरशीचा पापुद्रा काढला, खालचं चांगलं आहे' असं कधीही करू नका. अख्खी बरणी टाकायची.

आणखी एक, कळकळीने. सॉसमध्ये लाल भोपळा, केळं, गाजर घालून बरण्या भरू नका. खायला चव छान लागते, मान्य. पण हे पदार्थ आंबट नाहीत, मिश्रणाचा पीएच वर जातो, आणि दाट मिश्रणात उष्णता आत शिरायलाही वेळ लागतो. भोपळ्याच्या गराला घरगुती कॅनिंगची सुरक्षित वेळ ठरलेलीच नाही. असं मिश्रण ताजं खा किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. तूप, लोणी, कॉर्नफ्लोअर हेही बरणी भरण्याआधी नको, बरणी उघडल्यावर हवं ते घाला. दालचिनी, वेलदोडा, सुंठ चिमूटभर चालते.

---

तात्या_डेन्व्हर | १८ सप्टेंबर, दुपारी १:४०

आमच्यासारख्या उंचावरच्यांनी वेळ वाढवायची, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. डेन्व्हरला ५,२८० फुटांवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. दिसायला तीच खळखळ, पण उष्णता कमी.

अ‍ॅपलसॉसच्या वेळा अशा: १,००१ ते ३,००० फूट, पिंट २०, क्वार्ट २५ मिनिटं. ३,००१ ते ६,००० फूट, पिंट २०, क्वार्ट ३०. त्याहून वर पिंट २५, क्वार्ट ३५. आपल्या गावाची उंची नेटवर एका मिनिटात सापडते. इथे डोंगरात घर असलेले मित्र आहेत, गावाचं नाव एकच पण उंचीत हजार फुटांचा फरक. गावाची बघू नका, घराची बघा.

---

केवडा | १८ सप्टेंबर, दुपारी २:०२

तात्या, खूप आभार. माझ्या लेखात फक्त सखल भागाच्या वेळा आल्या होत्या, आता धागा पूर्ण झाला.

---

भातुकली | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२६

काल पहिल्यांदाच भरल्या. सगळी झाकणं बसली आहेत, पण दोन बरण्यांत सॉसची पातळी जवळजवळ इंचभर खाली गेलीय आणि पातेल्यातलं पाणी गढूळ झालं होतं. त्या दोन फेकून द्यायच्या का? बाळासाठी केलाय, म्हणून जिवाला घोर लागलाय.

---

केवडा | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

भातुकली, घोर नको. बरणी उकळत्या पाण्यातून थेट थंड हवेत आली, किंवा आच एकदम वरखाली झाली, की आतला रस झाकणाखालून बाहेर ओढला जातो. सॉसमध्ये हवा कोंडलेली राहिली तरी होतं, आणि अ‍ॅपलसॉस दाट असल्यामुळे त्यात हवा राहतेच. झाकण पक्कं बसलंय आणि निम्म्याहून जास्त बरणी भरलेली आहे, तर सॉस सुरक्षित आहे. फक्त वरचा थर काही महिन्यांनी तपकिरी पडेल. म्हणून त्या दोन आधी उघडा.

काठ मात्र हाताने तपासा. रस बाहेर आला की थोडा गर चकतीखाली अडकतो आणि झाकण पुढे सुटतं. एखादी सुटलेली सापडली आणि भरून २४ तास झालेले नसतील तर नवी चकती लावून पुन्हा पूर्ण वेळ उकळता येते. नाहीतर सरळ फ्रीजमध्ये ठेवून वापरा.

बाळासाठी साखर नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मधात तेच बीजाणू असू शकतात ज्यांच्याबद्दल सूक्ष्मदर्शीने लिहिलंय. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाळाचा चमचा बरणीत न बुडवता वाटीत काढून घ्या.

---

भातुकली | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०३

हुश्श. झाकणं पुन्हा तपासली, काठ कोरडे आहेत. मनापासून आभार, ताई.

---

पेठेतली_सून | १९ सप्टेंबर, सकाळी ९:३०

पुण्याहून विचारतेय. मार्केट यार्डात सध्या हिमाचलचा माल आहे, मागून काश्मीरचा येईल. भाव उतरले की पेटी घ्यायचा विचार आहे. पण इथे तशा दोन भागांच्या झाकणांच्या बरण्या सहज मिळत नाहीत. ऑनलाइन मिळतात त्या महाग. साध्या पिळाच्या झाकणाच्या बाटल्यांत भरू का? आणि आपल्याकडची सफरचंदं गुळमट असतात, त्यांचं काय?

---

केवडा | १९ सप्टेंबर, सकाळी ९:५८

आपल्याकडे बहुतेक रॉयल डिलिशस आणि त्याची भावंडं. रंग देखणा, आंबटपणा कमी. गोल्डन मिळालं तर निम्मं ते घ्या आणि लिंबाचा रस पिळा, चव उठते.

वापरलेल्या जॅमच्या बाटल्यांत भरून कपाटात ठेवायला मी सांगणार नाही. त्यांची झाकणं एकदाच बसण्यासाठी केलेली असतात. तुमच्यासाठी फ्रीझर उत्तम. सॉस पूर्ण गार करा, छोट्या डब्यांत भरा, गोठल्यावर फुगतो म्हणून वर अर्धा ते एक इंच जागा सोडा. ८ ते १० महिने चव चांगली राहते. एका वेळी संपेल एवढाच डबा भरायचा.

पुढेमागे बरण्या मिळाल्याच तर लक्षात ठेवा, पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, म्हणजे १,८०० फुटांच्या वर आहे. तात्यांचा दुसरा गट: पिंट २०, क्वार्ट २५. मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर १५ आणि २०.

---

देवदार | १९ सप्टेंबर, रात्री ८:१५

मी सिमल्याला असते, नवऱ्याची बदली. इथे खालच्या पट्ट्यातला माल जुलैपासूनच सुरू होतो. सिमल्याच्या पुढे कोटगढला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ च्या सुमारास रेड डिलिशसची रोपं आणून लावली. ते पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. मार्केट यार्डातल्या पेटीची मुळं अशी थेट अमेरिकेत जातात, म्हणून हा धागा वाचताना फार आनंद झाला.

सिमला ७,००० फुटांच्या वर आहे. म्हणजे मला पिंट २५, क्वार्ट ३५, बरोबर ना? आणि एक प्रश्न. शेजारच्या बागेत झाडाखाली पडलेली सफरचंदं फुकट मिळतात. वाया जाताना बघवत नाही. सॉसला चालतील?

---

सूक्ष्मदर्शी | १९ सप्टेंबर, रात्री ८:५२

वेळ बरोबर. पडलेल्या फळांबद्दल मी कडक आहे, नको. दोन कारणं. जमिनीवर गुरांची, रानातल्या जनावरांची विष्ठा असते आणि त्यातून ई. कोलाय हा जिवाणू फळावर येतो. तो शिजवताना मरेल. पण दुसरं कारण शिजवून जात नाही. पडून ठेचकाळलेल्या फळावर पेनिसिलियम एक्स्पान्सम ही निळसर बुरशी येते आणि ती पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. पॅट्युलिन उकळल्याने नष्ट होत नाही. अमेरिकेत सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे.

झाडावरचं वेडंवाकडं, डागाळलेलं, लहान फळ मात्र खुशाल घ्या. गारांचा मार बसलेलं फळ बाजारात जात नाही, पण जखम सुकलेली असेल तर सॉसला ते फर्स्ट क्लास. बागवाल्याला तसंच फळ मागा, स्वस्तात देईल.

---

देवदार | १९ सप्टेंबर, रात्री ९:१०

गारांचं फळ इथे भरपूर असतं! उद्याच विचारते.

---

चुलीवरची | २० सप्टेंबर, दुपारी १२:०५

भरलेल्या बरण्या संपवायच्या कशा, तेही लिहूया का? नवरात्र नेमकं याच दिवसांत येतं. अमेरिकेत ज्यू घरांत हनुकाला बटाट्याच्या पॅनकेकबरोबर अ‍ॅपलसॉस खातात, ते बघून मी साबुदाण्याच्या थालीपिठाबरोबर वाढायला लागले. गरम खरपूस थालीपीठ, त्यातली मिरची, आणि बाजूला गार आंबटगोड सॉस. उपासाला चालतं, आणि दह्यापेक्षा मुलं हेच मागतात. फक्त तो बिनमसाल्याचा असावा, वर जिऱ्याची पूड नको, सॉसची चव मरते.

केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप सॉस. शिऱ्यात मात्र मला आवडला नाही, रवा चिकट होतो.

---

जुनं_खोड | २० सप्टेंबर, संध्याकाळी ५:३३

केवडाताई, सौ.ला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, आधी का नाही कुणी सांगितलं. आज दुकानातून बरण्या, चकत्या आणि बरणी उचलायचा चिमटा आणला. कपाटातल्या उलट्या ठेवून भरलेल्या बाटल्या या महिन्यातल्याच आहेत. त्यांचं काय करावं?

---

केवडा | २० सप्टेंबर, संध्याकाळी ५:५१

काका, खूप बरं वाटलं. त्या बाटल्या इतके दिवस बाहेर राहिल्या आहेत, आता परत उकळून उपयोग नाही. जीवावर येईल, पण टाकून द्या. मोसम अजून महिनाभर आहे, नव्याने करायला फळ भरपूर मिळेल. चिमटा आणलात ते उत्तम केलंत, सांडशीने गरम बरणी निसटते. आणि बरणी तिरकी करून पाणी सांडायचा मोह टाळा, झाकणावरचं पाणी आपोआप वाळतं.

---

रानजाई | २० सप्टेंबर, रात्री ९:४४

केले! मॅकिंटॉश आणि कॉर्टलँड निम्मेनिम्मे, पुरणयंत्रातून. गुलाबी रंग आलाय, साखर अजिबात लागली नाही. नवरा आणि दोन्ही मुली कामाला होत्या, एक फोडी करायची, एक काठ पुसायची.

आता पुढचा बेत. ऑक्टोबरच्या शेवटी रॉचेस्टरला मावशीकडे येतेय. नॉर्दर्न स्पाय नावाच्या सफरचंदाबद्दल फार ऐकलंय, तेव्हा मिळेल का? सॉसला चालतं?

---

केवडा | २० सप्टेंबर, रात्री १०:१७

रानजाई, वा! मुली हाताशी असल्या की हे काम निम्म्या वेळात होतं.

नॉर्दर्न स्पाय नक्की शोध. ते आमच्या जवळच्याच ईस्ट ब्लूमफील्डचं, साधारण १८०० सालच्या सुमारास तिथे रोपातून सापडलेलं वाण. झाड फळावर यायला फार वर्षं घेतं, म्हणून नव्या बागा ते लावायला तयार नसतात आणि जुन्याच बागांत मिळतं. फळ मोठं, कडक, चांगलं आंबट. अ‍ॅपल पाय करायला लोक ते पसंत करतात कारण फोडी मोडत नाहीत. सॉसलाही चालतं, पण एकट्याने घट्ट राहतं. निम्मं मॅकिंटॉश घातलं तर दोन्हींचं जमतं. तोपर्यंत मॅकिंटॉश झाडावर नसतील, पण बागांच्या शीतगृहात असतात. काउंटरवर विचारायचं.

तोडणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असते, पण दरवर्षी चारआठ दिवस इकडेतिकडे होतात. तोडायला जायचं असेल तर निघण्याआधी बागेत फोन कर, आणि झाडावरची संपली असतील तर बुशेल राखून ठेवायला सांग. मावशींकडे उंच पातेलं नसेल तर माझं घेऊन जा, जाळीसकट देते.